पिऊच्या दारातला वानोळा

आमच्या शेजारच्या मनकर्णाबाई रोज सकाळी बुद्धवंदना आटोपली की चहा घेतात आणि बेटावर जातात. बेट टीव्हीत आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागे माझ्या बहिणीला मी फोनवर हे सांगायला गेले तर ती म्हणाली, या वयात एकट्याच अंदमानला गेल्या का गं?

अंदमान कसलं डोंबलाचं. अकोल्यात जठारपेठेत आमची दोघींची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. मी शैला, जन्मभर शाळेत गणित शिकवलं. माझ्या तोंडाला धार आहे असं लोक म्हणतात, आणि लोक काही अगदीच खोटं बोलत नाहीत. मनकर्णाबाई माझ्या उलट. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. बोली अस्सल वऱ्हाडी, बाई असूनही 'मी येतो, मी जातो' म्हणणारी.

त्या नर्सबाई होत्या. दवाखान्यात बसणाऱ्या नव्हेत, खेड्याखेड्यांतून फिरणाऱ्या. भातकुली तालुक्यातली गावं त्यांनी एसटीने आणि पायी तुडवली. बाळंतिणी पाहिल्या, लेकरांना डोस पाजले, म्हाताऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या. आणि आमच्या वऱ्हाडात नर्सबाईला कुणी रिकाम्या हाताने जाऊ देत नाही. शेतात पहिलं जे काही निघेल त्याचा वानोळा तिच्या पिशवीत पडतोच. चार वांगी, तुरीच्या ओल्या शेंगा, अंबाडीची जुडी; ज्याच्याकडे काहीच नसेल तो मूठभर चिंचा तरी देतो. पिशवी भरून घरी आल्या की त्यातला अर्ध्याहून जास्त वानोळा त्या आळीत वाटून टाकत. आलेलं अडवून ठेवू नये, असं त्यांचं म्हणणं. रिटायर होऊन त्या मुलाकडे अकोल्याला राहायला आल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या दारात मेथीची जुडी घेऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, अहो, मी तुम्हाला ओळखत नाही. त्या म्हणाल्या, "मेथी तं ओळखता ना?"

मुलगा सुगत, सून रागिणी आणि नात प्रियदर्शनी. नातीला सगळे पिऊ म्हणतात. सुगत आणि रागिणीचं पटलं नाही. कोणाचं चुकलं ते मला विचारू नका. मी भिंतीपलीकडे राहते, सगळं ऐकलेलं आहे, आणि तरी सांगता येत नाही. शेवटी दोघं शहाण्यासारखी वेगळी झाली. रागिणीला अचलपूरच्या कॉलेजात नोकरी लागली आणि पिऊ तिच्याबरोबर गेली. कोर्टात असं ठरलं की सुट्टीत पोरीने इकडे यायचं, पण पोरीची मर्जी असेल तर. ती मर्जी मनकर्णाबाईंच्या छातीत रुतून बसली. पोरीची मर्जी धरायची कशी, हे कोर्टाने काही सांगितलं नव्हतं.

जाताना पिऊचं गेमचं मशीन इथेच राहिलं, कारण रागिणीला तिकडे अभ्यास हवा होता. बारा वर्षांची पोट्टी, रडली नाही की भांडली नाही. रिमोट आजीच्या हातात दिला आणि म्हणाली, "आजी, माझ्या बेटाकडे लक्ष ठेव. गवत वाढलं की तारे कमी होतात. आता दोनच आहेत. पाच झाले की सांग, मी पाहायला येईन."

लेकरू बोलायचं म्हणून बोललं असेल. मनकर्णाबाईंनी मात्र ते पदराला गाठ मारून ठेवलं.

आता या गेमचं थोडं सांगते, मलाही ते रडतखडतच समजलं. एक ओसाड बेट असतं. त्यावर आपण घर बांधायचं, झाडं लावायची, फळं तोडायची. मग हळूहळू जनावरं शेजारी म्हणून राहायला येतात. पिऊच्या बेटावर एक अस्वल होतं, एक बदक होतं, एक सदा तोंड वाकडं केलेली मांजर होती. कचेरीत चष्मेवाली शेळी बसते. तिला विचारलं की ती बेटाला किती तारे आहेत ते सांगते आणि काय कमी आहे तेही सांगते. पाचाच्या वर काही नाही. पिऊचं निळ्या छताचं घर नदीकाठी होतं. सुगतने आईसाठी वेगळा खेळाडू काढून दिला, म्हणून त्यांचं एक लहानसं घर टेकडीखाली उभं राहिलं. पिऊच्या घरात जायचं तर पिऊचा खेळाडू सुरू करायला लागे. तेवढं मनकर्णाबाईंनी कधी केलं नाही. "किल्ली आपल्यापाशी असली म्हनून कोनाचं घर उघडत नसतात," म्हणाल्या.

सुरुवातीला फार गंमत व्हायची. आयुष्यभर इंजेक्शन देणारे ते हात रिमोटवर चुकायचे. झाडाकडे जायचं तर समुद्रात जाऊन उभ्या राहायच्या. मी चहाला गेले की चिडवायचे. म्हटलं, मनकर्णाबाई, एवढं नर्सिंग शिकलात आणि आता बदकाशी काय बोलत बसता?

"बदक काय अन् मानूस काय, शेजारी हाये तं इचारपूस करा लागते."

एकदा समुद्राकडे पाहत म्हणाल्या, "चारी बाजूनं खारं पानी अन् मधात मानसं राहून राहिली. शैलाताई, हे तं आपली भातकुलीच हाये." भातकुलीकडची जमीन खारपाणपट्ट्यातली, विहीर खणली तरी तोंडात घेववणार नाही असं पाणी. बेटावरच्या नदीचं पाणी गोडं आहे हे कळलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं.

त्यांनी गवत उपटलं. फुलं लावली, रोज पाणी घातलं, घरांना कुंपण केलं. नदीवर पूल बांधला. पूल कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, पलीकडे बदक राहते, कधी तब्येत बिघडली तर पुरात अडकायचं. या गेममध्ये पूर येत नाही आणि बदकं आजारी पडत नाहीत हे मी त्यांना समजावून सांगितलं. पूल मात्र शेळीला आवडला आणि तिसरा तारा आला.

रविवारी पिऊचा फोन यायचा. त्या फोनसाठी मनकर्णाबाई सकाळपासून घर सोडायच्या नाहीत. फोन काय असायचा, तर जेवलीस का, हो. अभ्यास चालू आहे का, हो. आई बरी आहे ना, हो. मोजून मापून बोलणं, एखाद्या पाहुण्याशी बोलावं तसं. मग मध्येच पोरगी विचारायची, आजी, किती तारे? आणि तिथून तिची गाडी जी सुटायची, ती थांबायचं नाव नाही. काळी फुलं लाव, पांढऱ्या कुंपणाला मार्क जास्त आहेत, मांजरीशी रोज बोल नाहीतर ती निघून जाईल. मनकर्णाबाई हं हं करत ऐकायच्या. त्यांना फुलांचं काही पडलेलं नव्हतं, त्यांना तो आवाज हवा होता. तो आवाज ऐकताना त्यांचा चेहरा असा काही व्हायचा की मला तिथून उठून जावंसं वाटायचं, आणि मी काही उठायचे नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पिऊ आली नाही. क्लास आहे म्हणाली. तिच्यासाठी आणलेली नवी चादर घडीतच राहिली. "पाच तारे झाले नाई ना अजून," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी सगळा दोष स्वतःकडे घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून दुप्पट जोमाने कामाला लागल्या. चौथा तारा आला तो या जोमाने. मग गाडी अडली ती अडलीच. शेळी रोज एकच सांगायची, बेट सुंदर आहे, पण उघड्यावर सामान फार पडलेलं आहे.

माझा स्वभाव असा की उत्तर येत नसलं की मला चैन पडत नाही. एका दुपारी मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, चला, सगळं बेट फिरवून दाखवा. त्यांनी दाखवलं. अस्वलाच्या दारात दोन पेरू. बदकाच्या दारात संत्री. मांजरीच्या दारात नारळ. प्रत्येक दारात काही ना काही नीट मांडून ठेवलेलं.

"हे काय आहे?"

"वानोळा," त्या म्हणाल्या. "आपल्या झाडाले लागलं तं शेजारी द्या लागते ना."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अहो नर्सबाई, ही जनावरं दारातलं उचलून खात नाहीत. गेमवाल्यांच्या हिशेबात हा सगळा कचरा आहे. शेळी महिनाभर बोंबलतेय ती यालाच.

"वानोळ्याले कचरा म्हंते?" त्यांना खरोखर वाईट वाटलं. "अन् एकदा दिलेलं आपनच उचलून न्यायचं? हे कोन्या गावाची रीत हाये?"

दोन दिवस मी डोकं खाल्लं तेव्हा कुठे त्या तयार झाल्या. उचलायच्या आधी प्रत्येक जनावराशी जाऊन बोलल्या, आणि मगच फळाला हात लावला. सगळी दारं मोकळी झाली, मी शेळीकडे जायला सांगितलं, आणि शेळी म्हणाली चार.

मी म्हटलं, आता कुठे राहिलं? त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मी रिमोट घेतला, जन्मात पहिल्यांदा, आणि धडपडत नदीकाठी गेले. निळ्या छताच्या घरासमोर फळांचा खच पडला होता. पेरू, संत्री, आंबे, नारळ, शिंपले, एकाला लागून एक, पायरीपासून पार पुलापर्यंत. तिथली फळं सडत नाहीत म्हणून, नाहीतर वास घरात आला असता.

"पिऊच्या दारातलं नाई उचलत मी," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"अहो, मग पाच तारे कसे व्हायचे? आणि पाच झाल्याशिवाय ती यायची नाही, हे तुम्हीच म्हणता ना?"

त्या म्हणाल्या, "आमच्या तिकडे एखाद्या घरी वानोळा जानं बंद झालं की गाव समजून घेते. भावाभावाचं तुटलं, सासर-माहेर तुटलं, कोनाले सांगा लागत नाई. तिच्या दारातलं मीच उचललं तं त्याचा अर्थ काय झाला, सांगा तुमी."

मला गप्प बसायची सवय नाही, म्हणून गुडघे दुखतात असं सांगून मी घरी आले.

त्यानंतर त्यांनी बाकीचं सगळं करून पाहिलं. दुसरा पूल, दिवे, बाकडी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फुलं. तारे चारच. मी रोज जाऊन सांगायचे, मनकर्णाबाई, चित्रातली फळं आहेत हो ती, उचला आणि पोरीला बोलवा. एका दुपारी त्यांनी माझं ऐकलं. बेटावरच्या मनकर्णाबाई निळ्या घरासमोर जाऊन उभ्या राहिल्या. एक बटण दाबायचं होतं. घरातल्या मनकर्णाबाई अंगठा त्या बटणावर ठेवून बसून राहिल्या, आणि मग उठून टीव्हीच बंद करून टाकला. डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, चहा ठेवतो.

एप्रिलमधल्या एका रविवारी पिऊचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. नेहमीचे तीन हो झाले. मग ती म्हणाली, "किती?"

"चार, माय."

"अजून चारच? शेळी काय म्हणते?"

"सामान पडलं हाये म्हंते."

"मग उचल ना आजी."

"मले दिसून नाई राहिलं कुठी हाये ते."

मी डोळे वटारून पाहिलं. लेकरांना कडू डोस पाजताना गोड आहे म्हणायच्या, त्याशिवाय ही बाई जन्मात खोटं बोलली नसेल. त्यांनी मान फिरवली.

"चष्मा लावलास का? अख्खं बेट पाहिलंस? नदीकाठी?" पिऊ वैतागली होती, आवाज फोनबाहेर येत होता. "जाऊ दे, तुला नाहीच सापडणार. परीक्षा संपली की मीच येते. आईला सांगते मी."

फोन संपला तरी मनकर्णाबाई तो हातात धरून बसल्या होत्या. "येतो म्हने," त्या म्हणाल्या.

"ऐकलं मी."

"पन तारे तं चारच हायेत."

"मग काय, एक तारा कमी म्हणून नको म्हणायचं का तिला? येऊ द्या की."

त्या हसल्या, आणि लगेच घाबरल्या. आल्यावर पोरगी बेट पाहणार, दारातला ढीग पाहणार, आजी खोटं बोलली हे तिला कळणार. पोरीचं मन उडायला एवढंसं निमित्त पुरतं, त्या म्हणाल्या. मोठ्यांच्या खोट्याने ते लेकरू आधीच पोळलेलं होतं. मी पुन्हा म्हटलं, अजून वेळ आहे, उचलून घ्या. त्यांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही.

मे महिन्यात अकोल्याचं ऊन काय असतं ते अकोलेकरांना सांगायला नको. भर दुपारी रागिणी स्वतः पोरीला बसने घेऊन आली, स्टँडवरून पुढे सुगतने पोरीला घरी आणलं. मी मनकर्णाबाईंच्या कूलरपुढे बसून वाट पाहत होते, शेजारीण म्हणून तेवढा हक्क आहे मला. पिऊ उंच झाली होती, केस कापले होते. आत आली, आजीच्या पाया पडली आणि खुर्चीच्या कडेवर बसली, मांडीवर बॅग घेऊन. पाणी देऊ का, नको. खरबूज कापू का, नको, आत्ताच खाल्लं. वर्षापूर्वी हीच पोट्टी या घरात हुंदडायची आणि डब्यातले शेंगदाणे न विचारता खायची. मनकर्णाबाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

मग पिऊ म्हणाली, "रिमोट कुठे आहे?"

तिने स्वतःचा खेळाडू सुरू केला. किती महिने बंद पडलेलं घर उघडलं. आत पलंग, टेबल, सगळं तसंच. ती दाराकडे गेली, दार उघडलं, बाहेर आली आणि तिचा अंगठा थांबला.

समोर फळंच फळं. पाय ठेवायला जागा नव्हती.

मी मनकर्णाबाईंकडे पाहायचं टाळलं.

"आजी, हे तू ठेवलंस?"

"हो."

"रोज?"

"जे निघालं त्यातलं थोडं थोडं. तुह्या वाट्याचं."

"पण हेच उचलायचं होतं. हे उचललं असतं तर पाच झाले असते."

"माहीत हाये मले."

पिऊने मान वळवून आजीकडे पाहिलं. "मग उचललं काहून नाही?"

मनकर्णाबाईंनी तांब्या खाली ठेवला. आणि सरळ बोलल्या. "मी खोटं बोललो माय तुह्याशी. दिसत होतं मले. पन घरचं मानूस घरी नाई म्हनून त्याचा वानोळा बंद करत नसतात. तुह्या दारातला मी उचलला असता, तं तू या घरची नाई असं झालं असतं."

पोरगी पुन्हा पडद्याकडे वळली. बॅग कधीतरी मांडीवरून खाली घसरली, तिचं लक्ष नव्हतं. मग ती अगदी हळू म्हणाली, "तू नको उचलू. माझा आहे ना, मी उचलते."

आणि उचलायला लागली. एकेक पेरू, एकेक संत्रं. पिशवी भरली की घरात नेऊन ठेवायची आणि पुन्हा बाहेर यायची. मध्येच बाहीने नाक पुसायची. पायरी मोकळी झाली, रस्ता मोकळा झाला, तेव्हा ती शेळीकडे गेली. शेळीने टाळ्या वाजवल्या आणि पाच तारे दिले. वाजंत्री वाजली, पडद्यावर रंगीत कागद उडाले. मीही टाळ्या वाजवल्या, एवढ्या महिन्यांचं गणित सुटलं होतं. मनकर्णाबाईंनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या पोरीकडे पाहत होत्या.

पिऊने रिमोट ठेवला आणि म्हणाली, "आजी, भूक लागली. काय केलंय?"

त्या दिवशी मनकर्णाबाईंनी किती भाकरी थापल्या ते मी सांगणार नाही, उगीच कुणाची दृष्ट लागायची. घडीतली चादर निघाली. पोरगी महिनाभर राहिली, शेंगदाण्याचा डबा रिकामा केला, माझ्याकडे येऊन गणितं सोडवली आणि माझ्याशी वादही घातले. बापाशी आधी थोडं, मग बरंच बोलली. आजीकडून वानोळ्याच्या सगळ्या रीती ऐकून घेतल्या. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत तिला विशेष आवडली.

जूनमध्ये ती अचलपूरला परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाईंनी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. मी चहाचा कप तसाच टाकून गेले. टीव्हीवर टेकडीखालचं त्यांचं लहानसं घर होतं, आणि दारात ढीग. आंबे, नारळ, एक मासा, एक टोपी, दोन खुर्च्या, फुलांचा गुच्छ. जायच्या आदल्या दिवशी पोट्टीने गुपचूप मांडून ठेवलं होतं. शेळीला विचारलं तर ती म्हणाली, चार तारे, उघड्यावर सामान फार पडलेलं आहे.

"पाहा वो शैलाताई," मनकर्णाबाई म्हणाल्या.

रविवारी फोन आला. जेवलीस का वगैरे काही नाही, पहिलाच प्रश्न, "किती?"

"चार."

"उचललं नाहीस ना?"

"नाई."

"नको उचलू. दिवाळीत येते मी, तेव्हा उचल. माझ्यासमोर."

बरं, म्हणाल्या मनकर्णाबाई. फोन ठेवला आणि पिऊची चादर धुवायला घेऊन गेल्या. दिवाळीला केवढा अवकाश आहे, हे मी त्यांना सांगणार होते, पण राहू दिलं.